शौकिनांचीं मतें आणि विद्वानांचा पुरावा

वाङ्मयाच्या इतिहासांत ग्रंथकाराला स्थान असतें, टीकाकाराला असतें, क्वचित् प्रकाशकालाही असतें. ज्याच्यासाठीं हा सारा खटाटोप चालतो त्या वाचकाला मात्र बहुधा नसतें. तो आला, त्यानें दाम मोजले, पुस्तक वाचलें आणि तो गेला, एवढीच त्याची नोंद. त्यांतून तो वाचक बारा-तेरा वर्षांचा पोर असला, आणि त्याच्या हातांत दहा सेंटांचें 'कॉमिक' असलें, तर त्याचें मत ऐकून घेण्याचा विचारही कोणा शहाण्या माणसाच्या मनांत येत नाहीं. 'बदकाचीं चित्रें काढणारा तो एक जण फार चांगला काढतो,' असें तो म्हणाला तर आपण हंसतों आणि दुसऱ्या विषयाकडे वळतों. अमेरिकेंत गेल्या शतकांत असल्याच पोरकट मतांवरून एक मोठें प्रकरण उभें राहिलें. त्यांत डॉक्टर गुंतले, सेनेटर गुंतले, आणि शेवटीं त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयालाही त्याची दखल घ्यावी लागली. त्या प्रकरणाचा वृत्तांत येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे. कारण कोणाचा शब्द पुरावा म्हणून धरावा हा इतिहासाच्या अभ्यासकांचा जुनाच प्रश्न त्यांत एका अनपेक्षित वेषांत पुढें येतो.

आरंभ पत्रव्यवहारापासून करावा लागेल. ह्यूगो गर्न्सबॅक या गृहस्थानें १९२६ सालीं न्यूयॉर्क येथें 'अमेझिंग स्टोरीज' हें वैज्ञानिक कल्पनाकथांचें मासिक काढलें, आणि वाचकांचीं पत्रें छापतांना त्यांखालीं त्यांचे पूर्ण पत्ते देण्याचा प्रघात पाडला. परिणाम असा झाला कीं, संपादकाला लिहिणारे वाचक परस्परांस लिहूं लागले, आणि १९३० सालीं शिकागोच्या एका मंडळानें 'द कॉमेट' नांवाचें स्वतःचेंच पत्रक काढलें. असल्या घरगुती, नकलयंत्रावर काढलेल्या पत्रकांस १९४० सालीं 'फॅनझीन' हें नांव मिळालें. 'फॅन' हा शब्द 'फॅनॅटिक' म्हणजे धर्मवेडा याचा संक्षेप मानतात. आम्ही येथें 'शौकीन' हा शब्द योजणार आहों. वेडाला थोडी रसिकतेची जोड द्यावयाची तर आपल्या भाषेंत तोच बरा. क्लीव्हलंड शहरांत जेरी सीगल आणि जो शुस्टर हे दोन शाळकरी मित्र असेंच एक पत्रक चालवीत. त्याच्या जानेवारी १९३३ च्या अंकांत त्यांचा 'सुपरमॅन' प्रथम आला, आणि तो खलपुरुष होता! पांच वर्षांनीं, १९३८ सालीं, त्याच नांवाचा सज्जन वीर 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकांत अवतरला व त्याच्या पाठीवर एक प्रचंड धंदा उभा राहिला. शौकिनांच्या माजघरांतच या धंद्याचा पाळणा हलला, हें पुढील हकीकत वाचतांना ध्यानांत असावें.

दोन वर्षेंही लोटलीं नाहींत तोंच आक्षेपांस सुरुवात झाली. मे १९४० मध्यें स्टर्लिंग नॉर्थ या शिकागोच्या वृत्तपत्रांतील साहित्यसमीक्षकानें कॉमिक्स म्हणजे राष्ट्रीय कलंक आहे अशा आशयाचा लेख लिहिला, आणि तो ठिकठिकाणीं पुनर्मुद्रित झाला. युद्ध संपल्यावर हा संताप वाढला. ऑक्टोबर १९४८ मध्यें वेस्ट व्हर्जिनियांतील स्पेन्सर या गांवीं शाळेच्या आवारांत मुलांकडूनच कॉमिक्सची होळी करविण्यांत आली. डिसेंबरांत बिंगहॅम्टन येथें तिची पुनरावृत्ति झाली. बर्लिनमध्यें पुस्तकें जाळलीं गेलीं त्या गोष्टीला तेव्हां अवघीं पंधरा वर्षें झालीं होतीं, आणि तीं जाळणाऱ्यांचा पाडाव होऊन तीन. हा योगायोग त्या मंडळींच्या लक्षांत कसा आला नाहीं, याचें आम्हांस नवल वाटतें.

या वादाच्या मध्यभागीं एक लहानसें प्रकाशनगृह होतें. मॅक्स गेन्स याचें तें मूळचें. बायबलांतील व इतिहासांतील गोष्टी चित्रांतून सांगणें हा त्याचा हेतु. १९४७ सालीं नौकेच्या अपघातांत तो वारला आणि धंदा विल्यम या पुत्राच्या हातीं आला. विल्यमनें १९५० पासून भूतप्रेतांच्या, गुन्ह्यांच्या, अंतराळाच्या कथा छापण्यास प्रारंभ केला. ॲल फेल्डस्टीन आणि हार्व्ही कर्ट्झमन हे त्याचे संपादक. 'ई. सी.' या आद्याक्षरांनीं ओळखल्या जाणाऱ्या या पुस्तकांतील कांहीं कथा किळसवाण्या आहेत, यांत वाद नाहीं. तोडलेले अवयव दाखवून भिववणें ही फार वरच्या प्रतीची कला नव्हे. पण त्याच पुस्तकांत युद्धाचें वैभव नव्हे तर युद्धाचा चिखल दाखविणाऱ्या कथा होत्या, आणि जमावानें माणूस ठार मारण्याच्या अमेरिकन रोगावर झणझणीत टीका होती. मुख्य म्हणजे ही मंडळी वाचकांशीं बोलत. पत्रें छापीत, चुका दाखवूं देत, टिंगल करूं देत. १९५२ सालीं त्यांनीं रे ब्रॅडबरी या कथाकाराच्या दोन गोष्टी न विचारतां एकत्र करून छापल्या. ब्रॅडबरीनें वकिलाची नोटीस धाडली नाहीं. आपणांस मानधन पाठविण्याचें बहुधा नजरचुकीनें राहून गेलें असावें, असें एक गोड पत्र पाठविलें. पैसे आले, आणि पुढें त्याच्या अनेक कथा राजरोसपणें चित्रांत उतरल्या. इतकें सलोख्याचें चौर्यप्रकरण आमच्या वाचनांत दुसरें नाहीं!

अशा वातावरणांत शौकिनांच्या जिभा मोकळ्या झाल्या तर आश्चर्य नाहीं. १९५३ सालीं प्रकाशकानेंच शौकिनांचें एक मंडळ काढलें. त्याच सालीं बॉब स्ट्युअर्ट या तरुणानें या पुस्तकांपुरतेंच वाहिलेलें एक पत्रक सुरू केलें. लॅरी स्टार्क नांवाचा दुसरा एक तरुण प्रकाशकास सविस्तर टीकापत्रें लिही: अमुक कथेचा शेवट ओढून आणलेला, तमुक चित्रकाराची रेघ सैल पडली. त्याला 'पहिल्या क्रमांकाचा शौकीन' अशी पदवीच मिळाली. हीं मतें सहज लिहिलेलीं होतीं, त्यांत अतिशयोक्ति होती, व्याकरणाचे धिंडवडे होते. परंतु कोणीं काय वाचलें, आणि वाचून त्यास काय वाटलें, याचा तो ताजा व स्वतः लिहिलेला दाखला होता.

आतां प्रतिपक्षाकडे वळूं. डॉ. फ्रेडरिक वर्थम हा जर्मनींतून अमेरिकेंत येऊन स्थायिक झालेला मानसरोगचिकित्सक. त्याला खलनायक ठरविण्याची आज पद्धत पडली आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांत, एका चर्चच्या तळघरांत, १९४६ सालीं त्यानें निग्रो वस्तीसाठीं चिकित्सालय उघडलें. ज्याला परवडे त्यानें पंचवीस सेंट द्यावे, न परवडे त्यानें देऊं नयेत, असा तेथला नियम. गोऱ्या-काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवल्यानें मुलांच्या मनावर काय आघात होतो याविषयींची त्याची साक्ष डेलावेअरच्या खटल्यांत उपयोगी पडली, आणि तो खटला पुढें १९५४ सालच्या सुप्रसिद्ध 'ब्राऊन' निकालांत समाविष्ट झाला. असा हा सज्जन मनुष्य. पण त्याच वर्षीं त्यानें 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' हें पुस्तक प्रसिद्ध केलें. बालगुन्हेगारीस कॉमिक्स मोठा हातभार लावतात हा त्याचा सिद्धान्त, आणि मुलांचीं स्वतःचीं वाक्यें हा त्याचा पुरावा.

सेनेटच्या उपसमितीनें एप्रिल १९५४ मध्यें न्यूयॉर्कला चौकशी केली. २१ तारखेस वर्थमची साक्ष झाली व त्याच दिवशीं विल्यम गेन्सचीही. सेनेटर केफॉव्हरनें एक मुखपृष्ठ वर धरलें. एका हातांत रक्ताळलेली कुऱ्हाड व दुसऱ्या हातांत स्त्रीचें मुंडकें घेतलेल्या पुरुषाचें तें चित्र होतें. हें सुरुचीला धरून आहे काय, असें त्यानें विचारलें. गेन्सनें होय म्हणून सांगितलें. भयकथेच्या मुखपृष्ठाच्या मानानें सुरुचीला धरून आहे, मुंडकें आणखी वर धरून मानेंतून रक्त ठिबकतांना दाखविलें असतें तर धरून नसतें! दुसऱ्या दिवशींच्या वृत्तपत्रांनीं तेवढें उत्तर उचललें आणि गेन्सचा खटला लोकमताच्या न्यायालयांत तेथेंच निकालांत निघाला. प्रकाशकांनीं घाबरून ऑक्टोबरांत स्वतःवरच एक नियमावली लादून घेतली. शीर्षकांत 'भय' शब्द नको, वेताळ-पिशाच्चें नकोत, सत्पक्षाचा जय झालाच पाहिजे, सरकारी अधिकाऱ्यांची अप्रतिष्ठा होतां कामा नये. एक उदाहरण सांगण्यासारखें आहे. रंगभेद पाळणाऱ्या यंत्रमानवांच्या ग्रहाची तपासणी करावयास पृथ्वीवरून एक अधिकारी जातो, त्यांस नापास करून परततो, आणि शेवटच्या चित्रांत शिरस्त्राण काढतो तों तो काळ्या वर्णाचा आहे असें दिसतें. अशी एक कथा ई. सी.नें १९५३ सालीं छापली होती. १९५६ सालीं ती पुन्हां छापतांना नियामकानें त्या वर्णालाच हरकत घेतली. गेन्स हट्टास पेटला, कथा जशीच्या तशी छापली, आणि तेंच त्या घराचें शेवटचें कॉमिक ठरलें. वाचलें तें एक 'मॅड'. त्याला नियतकालिकाचा आकार आधींच, १९५५ सालीं, दिला गेला होता.

चौकशीच्या दिवसांत ई. सी.नें शौकिनांस आवाहन केलें होतें कीं, समितीला पत्रें लिहा. मुलांनीं तीं लिहिलीं. आम्ही वाचतों, आमचें कांहीं बिघडलेलें नाहीं, अशा धर्तीचीं पेन्सिलीनें लिहिलेलीं तीं पत्रें बांधून दफ्तरांत ठेवण्यांत आलीं. मुलांच्या वतीनें डॉक्टर बोलले होते; मग मुलांना बोलावण्याचें कारण काय?

तें कारण अठ्ठावन्न वर्षांनीं कळलें. वर्थम १९८१ सालीं वारला; त्याचे कागद वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्यें होते व ते २०१० सालीं अभ्यासकांस खुले झाले. इलिनॉय विद्यापीठांत ग्रंथालयशास्त्र शिकविणाऱ्या कॅरल टिली या विदुषीनें मूळ टिपणें आणि छापील पुस्तक समोरासमोर ठेवून पाहिलीं, आणि २०१२ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. मुलांचीं वयें बदललेलीं होतीं. वाक्यें तोडलेलीं, जोडलेलीं, फिरविलेलीं होतीं. सहकाऱ्यांनीं तपासलेलीं मुलें स्वतःचीं म्हणून दाखविलीं होतीं. घरची हलाखी, मारहाण, टोळीची संगत हीं कारणें टिपणांत होतीं, पुस्तकांत नव्हतीं. बॅटमॅन या पात्राचा तरुण मनावर कसा विपरीत परिणाम होतो याचा म्हणून जो एक साक्षीदार पुस्तकांत उभा केला होता, तो टिपणांत दोन निराळे तरुण होते. आणि त्यांनीं तर सांगितलें होतें कीं, आम्हांस बॅटमॅनपेक्षां टारझन आणि सब-मरिनर जास्त आवडत! म्हणजे गाळलें तें काय, तर शौकिनाची आवड-निवड. संशोधकाच्या चौकटींत न बसणारें तेवढेंच एक सहज मत त्या टिपणांत जिवंत राहिलें होतें, आणि साठ वर्षांनीं त्यानेंच सिद्धान्त उलथविला.

आमच्या व्यवसायांतील लोकांनीं येथें क्षणभर थांबावें हें बरें. वर्थमचा हेतु वाईट नव्हता. गरीब मुलांबद्दलची त्याची कळकळ खरी होती. पण आपला पक्ष न्याय्य आहे अशी खात्री झालेल्या विद्वानाला साक्षीदाराच्या तोंडांत दोन शब्द घालण्याचा मोह जितका होतो तितका लबाडालाही होत नसेल. लबाडाला निदान आपण काय करतों हें ठाऊक असतें.

या कथेंतील सर्वांत चमत्कारिक पान मात्र पुढेंच आहे. वर्थमचें कॉमिक्सवरील मत शेवटपर्यंत बदललें नाहीं. परंतु म्हातारपणीं त्याच्या हातीं शौकिनांचीं पत्रकें आलीं, त्यांच्याशीं त्याचा पत्रव्यवहार जमला, आणि १९७३ सालीं त्यानें 'द वर्ल्ड ऑफ फॅनझीन्स' हें पुस्तक लिहून त्या पत्रकांची मनापासून स्तुति केली. कोणी पैसे देत नाहीं, कोणी संपादकीय दाब आणीत नाहीं, तरुण माणसें आपल्या आवडीविषयीं मोकळेपणानें लिहितात, हें त्याला निकोप वाटलें. ज्या मुलांचे शब्द त्यानें वीस वर्षांपूर्वीं वळविले होते त्यांचींच हीं धाकटीं भावंडें. त्यांचें बोलणें शब्दशः वाचण्यास तो शेवटीं बसला, आणि तें त्याला आवडलें!

इकडे शौकिनांनीं काय केलें? एकच उदाहरण देतों, कारण तें आम्हांस फार प्रिय आहे. डिस्नेच्या नांवानें निघणाऱ्या बदककथांवर लेखकाचें वा चित्रकाराचें नांव छापीत नसत. पण मुलांच्या ध्यानांत आलें कीं, सगळीं बदकें सारखीं नाहींत. एका कोणाच्या हातचें बदक अधिक जिवंत आहे, त्याचें नदीचें पाणी खरें वाहतें, त्याचा कंजूष काका खरोखर पैशांत पोहतो. नांव माहीत नाहीं, तेव्हां 'तो चांगला बदकवाला' असें तीं त्याला म्हणूं लागलीं. १९६० च्या सुमारास शौकिनांपैकीं दोघां भावांनीं चिकाटीनें पत्ता मिळविला व त्याला पत्र धाडलें. कार्ल बार्क्स हें त्याचें नांव. १९४२ पासून तो हें काम करीत होता, अंकल स्क्रूज त्याच्याच लेखणींतून १९४७ सालीं उतरला होता. आणि हें पत्र म्हणजे कोणी आपली थट्टा करीत आहे असें त्याला प्रथम वाटलें म्हणतात. जुन्या इटालियन चित्रांचे कर्ते कानाच्या पाळीवरून व नखांवरून ओळखण्याची मोरेल्लीची पद्धत आमचे कलाध्यापक आदरानें शिकवितात. या पोरांनीं मोरेल्ली वाचला नव्हता. त्यांनीं बदकाची चोंच पाहिली. पुढें डेट्रॉइटचे प्राध्यापक जेरी बेल्स यांनीं १९६१ सालीं 'आल्टर ईगो' हें पत्रक काढलें, आणि हेम्स वेअर यांच्या साह्यानें १९७३ ते १९७६ या काळांत निनांवी चित्रकार-लेखकांची चार खंडांची सूचि तयार केली. आज विद्यापीठांतून या विषयावर जे प्रबंध होतात त्यांचा पाया या सूचीचा आहे.

चित्रपटांत थोडी निराळी तऱ्हा झाली. धंद्यांत पडलेले, समीक्षकांनीं टाकलेले कांहीं चित्रपट थोड्या लोकांच्या हट्टानें जगले. त्यांना 'कल्ट' म्हणजे पंथाचे चित्रपट म्हणतात. 'रॉकी हॉरर पिक्चर शो' १९७५ सालीं पडला आणि १९७६ पासून न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली थिएटरांत मध्यरात्रीच्या खेळांत उठला. प्रेक्षक पडद्यावरील पात्रांना उत्तरें देऊं लागले, आपल्या तमाशांतल्या पुढच्या रांगेप्रमाणें. एड वुड हा दिग्दर्शक डिसेंबर १९७८ मध्यें दारिद्र्यांत मेला. १९८० सालीं वाचकांच्या कौलानें त्याचा 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस' आजवरचा सर्वांत वाईट चित्रपट ठरला, आणि त्या अपकीर्तीनेंच तो अमर झाला. त्यांतील थडगीं धक्का लागतांच हलतात, आणि मृत नटाच्या जागीं दुसराच इसम तोंडावर झगा धरून वावरतो. तो सर्वांत वाईट आहे असें मात्र आम्हांस वाटत नाहीं. कंटाळवाणे चित्रपट त्याहून पुष्कळ वाईट असतात.

व्हिडिओ खेळांच्या बाबतींत इतिहासाची पुनरावृत्ति इतकी हुबेहूब झाली कीं हसूं येतें. डिसेंबर १९९३ मध्यें सेनेटर लिबरमन व कोल यांनीं 'मॉर्टल काँबॅट' आणि 'नाइट ट्रॅप' या खेळांवर चौकशी केली, आणि १९९४ सालीं धंद्यानें पुन्हां स्वतःवर वर्गवारी लादून घेतली. फरक पडला तो २०११ सालीं. अल्पवयीनांस हिंस्र खेळ विकण्यास बंदी करणारा कॅलिफोर्नियाचा कायदा सर्वोच्च न्यायालयानें सात विरुद्ध दोन मतांनीं रद्द केला, आणि बहुमताचा निकाल लिहितांना न्यायमूर्ति स्कॅलिया यांनीं ग्रिमच्या परीकथांतील क्रौर्याची आणि कॉमिक्सवरील जुन्या काहुराची आठवण करून दिली. परिणाम सिद्ध करणारा पुरावा त्यांच्या दृष्टीनें अपुरा होता.

म्हणून शौकीन सांगेल तें वेदवाक्य मानावें असें आमचें म्हणणें नाहीं. खेळाडूंत वर्षानुवर्षें एक दंतकथा होती: १९८२ च्या नाताळांत आलेला अटारी कंपनीचा 'ई. टी.' हा खेळ इतका टाकाऊ निघाला कीं, त्याच्या लक्षावधि प्रती न्यू मेक्सिकोच्या वाळवंटांत पुरून टाकल्या. खेळ पांच आठवड्यांच्या घाईंत बनविला होता हें खरें. २६ एप्रिल २०१४ रोजीं ॲलामोगोर्डो येथील कचऱ्याची खांच उकरली, आणि माल सांपडला. सुमारें तेराशें नग वर काढले. पण त्यांत 'ई. टी.' हा अनेकांपैकीं एक होता, चांगले खपलेले खेळही त्याच खड्ड्यांत होते, आणि पुरलेल्या मालाचा तत्कालीन व्यवस्थापकानें सांगितलेला आकडा ७ लक्ष २८ हजार होता. दंतकथा निम्मी खरी, निम्मी चवीसाठीं घातलेली. बखरींचेंही असेंच असतें. म्हणून बखरी जाळीत नाहींत, तपासतात.

या सर्व प्रकरणाचा आपल्याकडे एक धागा येऊन पोंचला होता. अमेरिकेंतील काहुराचे पडसाद विलायतेंत उठून १९५५ सालीं तेथें हानिकारक बालप्रकाशनांविरुद्ध कायदा झाला, आणि १९५६ सालीं आपल्या संसदेनेंही तशाच नांवाचा कायदा करून टाकला. त्यांत 'तरुण व्यक्ति' म्हणजे वीस वर्षांखालील मनुष्य. म्हणजे महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही भुतांच्या चित्रांपासून जपला पाहिजे असा भाव! मुलांना कोणी विचारल्याचें येथेंही दिसत नाहीं. पुढें मार्च १९६४ मध्यें मुंबईहून 'इंद्रजाल कॉमिक्स' निघूं लागलें. तें मराठींतही येई, आणि ली फॉकचा 'फँटम' आपल्या घरांत 'वेताळ' होऊन शिरला. भारतीयांच्या भावना दुखवूं नयेत म्हणून संपादकांनीं मूळांतील बंगालसदृश देशाचें 'डेंकाली' केलें आणि सिंग चांचे 'सिंगा' झाले. १९९० सालीं ती मालिका बंद पडली. तीं पुस्तकें आतां मोठ्या किंमतीनें विकत घेणारे लोक आहेत; परंतु तीं वाचून मुलांस काय वाटलें याचें मराठींतील एखादें हस्तलिखित पत्रक, एखादी वही, एखादें पत्र आमच्या पाहण्यांत आलें नाहीं. वेताळाचा कोणता चित्रकार त्यांना बरा वाटे? डेंकाली कोठें आहे असें त्यांनीं भूगोलाच्या मास्तरांना विचारलें होतें काय? पहिला अंक हातीं पडला तेव्हां जीं मुलें दहा वर्षांचीं होतीं त्यांनीं आतां सत्तरी ओलांडली आहे. त्यांना अजून विचारतां येण्यासारखें आहे.